दादा रंग पुसतो

३ मार्च, सोमवार

रंग आले! दादाचं आणि माझं मशीन एकच, त्यातला प्रोग्रॅम लिहायचा एडिटरही एकच — काळा पडदा, पांढरी अक्षरं, माऊस चालत नाही, सगळं बोटांनी. प्रोग्रॅमच्या शेकडो ओळी नुसत्या पांढऱ्यात वाचून डोळ्यांचा भुगा झाला होता. आज सेटिंगच्या फाइलीत एक ओळ घातली — आज्ञा हिरव्या, अवतरणातला मजकूर लाल. शेरे, म्हणजे आपल्यासाठी लिहिलेल्या टिपा, तेवढ्या गडद निळ्या उमटल्या. काळ्यावर निळ्या — विहिरीत शाई सांडल्यासारख्या. मग एडिटरला सांगावं लागलं की बाबा रे, मागचा पडदा काळा आहे. त्याने मुकाट्याने शेरे उजळले. इतकं समजूतदार आमच्या घरात दुसरं कोणी नाही.

दादाला दाखवायची सोय नाही. आम्ही बोलत नाही. पंख्यावरून. त्याला एकवर हवा, मला तीनवर. महिना होत आला.

४ मार्च, मंगळवार

रंग गेले. फाइल उघडली तर माझी ओळच गायब. सकाळी दादा बसतो, दुपारी मी. शंकेला जागाच नाही. वहिनीला म्हटलं, विचार त्याला. ती आत गेली, बाहेर आली. म्हणाली, त्यांना साधंच बरं वाटतं. मूळ मला दारातून ऐकू आलं होतं — "सर्कशीचा तंबू करून ठेवलाय." वहिनी निरोप नेहमी धुऊन, इस्त्री करून देते.

५ मार्च, बुधवार

परत घातले. वर शेरा लिहिला — ही ओळ पुसू नये.

६ मार्च, गुरुवार

ओळ पुसली. शेरा ठेवला.

७ मार्च, शुक्रवार

वहिनी म्हणाली, दोघांची सेटिंगं वेगळी नाही का ठेवता येत? येतात की. चुटकीसरशी. पण आता जो ते करेल तो हरला. वहिनी कपाळाला हात लावून भाजी निवडायला गेली.

१० मार्च, सोमवार

लॉन्ड्रीवाल्याचा फोन. त्याच्या कपड्यांना लावायच्या चिठ्ठ्या आमचा प्रोग्रॅम छापतो. आज सकाळपासून एकही छापेना. दादाने काल त्यात काहीतरी बदल करून पाठवला होता. दुकानात कपड्यांचा डोंगर, डॉक्टरीणबाईंचे एप्रन आणि बँडवाल्यांचे कोट एकाच ढिगात. संध्याकाळपर्यंत झालं नाही तर मी दुसरं कोणी बघतो, म्हणाला. आमचं सगळ्यात मोठं गिऱ्हाईक. खरं सांगायचं तर एकुलतं एक.

दादा पडद्याला डोळे लावून बसलेला. रंग चालू होते — मी काल घातलेले, गडबडीत त्याचं पुसायचं राहिलं होतं. मी मागे उभी राहिले आणि लांबूनच दिसलं. अर्ध्यापासून खाली सगळं लाल. म्हणजे कुठेतरी अवतरणचिन्ह उघडलं होतं, मिटायचं राहिलं होतं. मशीन बिचारं तिथून पुढचं सगळं मजकूरच समजत होतं.

वहिनीला म्हटलं, सांग त्याला, हिरवं संपून लाल जिथे सुरू होतं तिथे बघ. तिने सांगितलं. दादा त्या ओळीवर आला. पुढे गेला. मागे आला. परत पुढे गेला!

माझं डोकंच फिरलं. एवढा हट्ट? गिऱ्हाईक गेलं तरी चालेल, पण बहिणीचे रंग नकोत? मधे हात घातला, चिन्ह मिटवलं, निघून आले. चिठ्ठ्या सुरू झाल्या. लॉन्ड्रीवाल्याने आभार मानले — दादाचे.

जेवताना मीठ दादासमोर होतं. वहिनीकरवीसुद्धा मागितलं नाही. अळणी जेवले.

११ मार्च, मंगळवार

वहिनी बाहेर गेली होती. मी मशीनवर. दादा शेजारी येऊन उभा राहिला. पडद्याकडे बघत होता, माझ्याकडे नाही.

"यातलं लाल कुठलं आणि हिरवं कुठलं?"

मला वाटलं, टोमणा. मी डोळे वटारले.

"तसं नाही गं. मला दोन्ही एकच दिसतात. पहिल्यापासून. त्यात तुझं लाल तर काळ्यात बुडूनच जातं. तू रंग चालू केलेस की मला अर्ध्या ओळी दिसत नाहीत." मग — "तुझ्या वहिनीला मी सांगेन. तू सांगू नकोस."

लाल काढून पिवळं घातलं. हिरव्याच्या जागी आभाळी. उठून त्याला खुर्ची दिली.

तो किती तरी वेळ नुसता ओळी खाली-वर करत बसला.