तुझा हातगुण

सप्टेंबरचा शेवटचा रविवार, दुपार. धाराशिव.

माय, एवढी वर्षं तुला एक ओळ लिहिली नाही, माफ कर. तू गेल्यावर पहिले काही महिने मी वहीत रोज तुझ्याबद्दल लिहायचे, पण तुला म्हणून कधीच नाही. तुला वाचता येत नव्हतं, मग लिहून काय उपयोग, असं स्वतःला सांगत आले. ते खरं कारण नव्हतं. तुला लिहायला बसलं की एक गोष्ट सगळ्यात आधी लिहावी लागेल, हे मला माहीत होतं, आणि ती लिहायला नको म्हणून मी अठरा वर्षं बाकी सगळं लिहीत बसले. परवा शुक्रवारी स्टँडवर एक माणूस भेटला. तेव्हापासून वहीतलं काहीच पुढं सरकत नाही.

येरमाळ्याच्या जत्रेपासून सुरू करते. मी तेरा वर्षांची होते, सातवीची परीक्षा नुकतीच झाली होती. देवीचं दर्शन घेऊन आपण खाली दुकानांच्या गर्दीत आलो. एक जण पोत्यावर कात्र्या, अडकित्ते आणि घडीचे चाकू मांडून बसला होता. त्यातला सगळ्यात स्वस्त, लाल लाकडी मुठीचा, उघडताना मध्येच अडकणारा चाकू मी उचलला. तो माणूस म्हणाला, "मावशे, पोरीला चाकू कशाला? पलीकडं बांगड्या हायेत की." तू म्हणालीस, "तुझी मिशी कापाया. निम्मीच ठिवलीय तू." आजूबाजूच्या बाया हसल्या, तोही हसला. तू पातं उघडलंस, नखावर टेकवून पाहिलंस आणि मला म्हणालीस, "धार न्हाय ह्याला. पण लोखंड बरं हाय. धार आपण लावू." तो माझा पहिला चाकू. पुढंही, तुला तो हवा असला की तू दर वेळी मला विचारायचीस. स्वतःच्या पोटच्या पोरीला विचारून चाकू घेणारी दुसरी आई मी आपल्या गावात पाहिली नाही.

मे महिन्यात तू मला धार लावायला शिकवलंस. मोरीच्या कडेला विळ्या-खुरप्यांसाठी ठेवलेला कुरुंदाच्या दगडाचा तुकडा, शेजारी पाण्याचा तांब्या, आणि कडुलिंबाची सावली सरकेल तशा आपण दोघी सरकतोय. मी जोर लावते आणि तू माझ्या मनगटावर चापट मारतेस. "दाबू नगं गं, मसाला वाटती का? पातं आधी झोपीव. आता उचल. एवढंच, खालनं आगकाडी जाईल एवढं." मग म्हणतेस, "आवाज आईक. खरखर येतीय तवर घासायचं. सुळसुळ आली की थांबायचं." मला खरखर आणि सुळसुळ यातला फरक कळायला चार दुपारी गेल्या. शेवटी वडलांच्या जुन्या वहाणेच्या तळव्यावर पातं उलटसुलट फिरवायचं, म्हणजे कडेला राहिलेली बारीक खरखर जाते. ते ट्रकवर असायचे, त्यांच्या वहाणा घरीच राहायच्या. पाचव्या दुपारी मी हातावरची लव पात्यानं काढून दाखवली. तू स्वयंपाकघरातून एक कांदा आणलास, तो त्या चाकूनं चिरलास आणि फोडी उन्हाकडं धरून बघत राहिलीस. तुझ्या डोक्यात तेव्हा काय चाललं होतं ते मला जूनमध्ये कळलं.

गावाजवळच्या द्राक्षबागेत तेव्हा जंगली खुंटावर कलम भरायचं नवीनच निघालं होतं. सोलापूरकडून पुरुषांची टोळी यायची. काप ते घ्यायचे आणि आपल्या गावच्या बाया मागून प्लास्टिकची पट्टी बांधत जायच्या. तू मागच्या हंगामात पट्ट्या बांधल्या होत्यास आणि बांधता बांधता त्यांचे हात बघून ठेवले होतेस. एके दुपारी तू माझ्यासमोर बसलीस आणि म्हणालीस, "चाकू तुझा हाय म्हणून इचारते. त्याचं एक अंग सपाट केलं तर चालंल का? कलमाच्या चाकूला एकाच अंगानं धार आसती. मग भाजी चिराया तिरका जाईल त्यो." मी हो म्हटलं. त्यानंतर जवळजवळ दोन महिने, शेतातून आलीस की अंधार पडायच्या आत, तू ते एक अंग दगडावर घासत होतीस. सपाट झाल्यावर मला बजावलंस, "ह्या अंगाला आता दगड लावायचा न्हाय. कंदीच न्हाय. पोट येऊन ते फुगीर झालं की काप गेला." मग शेवरीच्या काड्यांवर सराव. खालच्या काडीला मधोमध चीर, वरच्या काडीला दोन्हीकडून तासून पाचर, पाचर चिरेत बसवायची आणि आभाळाकडं धरायची. मधून उजेड दिसला तर ती काडी चुलीत. ऑगस्टअखेर तुझ्या जोडातून उजेड दिसेनासा झाला होता.

आणि तुझा हातगुण तर गावाला माहीत होता. मिरचीचं तरू टाकायचं, वाफ्यात रोपांसाठी बी पेरायचं असलं की पहिली चिमूट तुझ्या हातची. शेजारच्या चार घरांत लोणच्याच्या बरणीत पहिला हात तुझा. बाया यायच्या, "वैनी, जरा येऊन हात लावून जा." तू पदर खोचून निघायचीस. तोंडानं कधी बोलली नाहीस, पण त्या हाकेची तू वाट पाहायचीस हे मला लहानपणीही समजत होतं. तुझ्याजवळ स्वतःचं म्हणावं असं दुसरं काही नव्हतं.

आता ते लिहिते. आठवीत कार्यानुभवाच्या तासाला पत्र्याचा दिवा करून न्यायचा होता. मी आयत्या वेळी जागी झाले. तू पाणी आणायला गेलेली, मी तेलाचा रिकामा डबा घेतला आणि त्या चाकूनं कापायला लागले. पातं दोन ठिकाणी तुटलं, राजगिऱ्याच्या दाण्याएवढ्या दोन खाचा. शाळेची वेळ होत आली होती. एकाच अंगानं घासून खाचा जाईनात. तू सांगितलेलं मला आठवत होतं, माय. विसरले असं मी लिहू शकत नाही. आठवत असूनही मी ते सपाट अंग दगडावर ठेवलं आणि दोन्हीकडून घासलं, खाचा दिसेनाशा होईपर्यंत. वहाणेवर फिरवलं, लव काढून पाहिली. धार उत्तम होती. पुसून चाकू कोनाड्यात ठेवला आणि शाळेला गेले.

त्यानंतर दोन दिवसांनी टोळीतला एक जण तापानं पडला. शनिवार असल्यानं सकाळच्या शाळेतून मी थेट बागेत आले होते, तेव्हा सगळं माझ्यासमोर घडलं. तू टोळीच्या मुकादमासमोर जाऊन उभी राहिलीस आणि आजाऱ्याची रिकामी ओळ दाखवलीस. "त्या माणसाची वळ मी भरते."

मुकादम म्हणाला, "बाई, भाकरी थापायची न्हाय ही. कलम हाय."

"भाकरी तरी येती का तुमाला?"

बाया हसल्या. मुकादम वाईट माणूस नव्हता, तोही हसला. "बरं. ती कडंची एक वळ घ्या. पर मालकाला मी काय सांगू?"

"कलम फुटल्यावर सांगा," तू म्हणालीस.

तू मांडी घालून बसलीस, सकाळी मला विचारून कमरेला खोचलेला चाकू काढलास, पहिला काप घेतलास, पाचर चिरेत घातलीस आणि थांबलीस. पुन्हा एक काडी घेतलीस. पुन्हा थांबलीस. मग मान वळवून मला विचारलंस, "चाकू नाचतोय आज. पात्याला हात लावलास का तू?"

मी म्हटलं, "न्हाय."

तू पात्याकडं पाहिलंस. पलीकडं मुकादम उभा होता, बाया पट्ट्या घेऊन खोळंबल्या होत्या. तू हळूच, जवळजवळ स्वतःशीच म्हणालीस, "मग माझाच हात हलत आसंल." आणि ओळ संपेपर्यंत मान वर केली नाहीस. तू काय म्हणालीस ते मी नीट ऐकलं होतं. उठून दोन पावलं पुढं यायचं होतं, एवढंच. मी पट्ट्यांचा गठ्ठा मांडीवर घेऊन बसून राहिले.

महिन्याभरात बाकीच्या ओळी फुटल्या. तुझ्या ओळीत चार-दोन ठिकाणी फूट दिसली, बाकी काड्या वाळून काळ्या पडल्या. मी या गोष्टीची उलटतपासणी खूप वेळा केली आहे. काड्याच शिळ्या असतील, कडेच्या ओळीला वारं जास्त लागलं असेल, पहिल्याच वेळी कुणाचंही चुकलं असतं. पण शेजारची ओळ त्याच जुडीतल्या काड्यांनी भरली होती आणि ती फुटली होती. मुकादम सगळ्यांदेखत, पण अगदी मऊ आवाजात म्हणाला, "जाऊ द्या बाई. ह्याला हातगुण लागतो." त्यानं शिवी दिली असती तर तू उलट दिली असतीस. यावर तू म्हणालीस, "व्हय, खरं हाय."

पुढच्या वर्षी मिरचीचं तरू टाकायला तुला कुणी बोलावलं नाही. कुणी ठरवून केलं असेल असं मला वाटत नाही. गोष्ट आपोआप पसरते. तू दारातून त्या वाफ्याकडं पाहिलंस आणि आत येऊन पीठ मळायला लागलीस. लोणच्याचे दिवस आले, तेव्हा स्वतःच्या बरणीलाही तू मला हात लावायला सांगितलंस. चाकू तू मला परत दिलास, तो मी कंपासपेटीत टाकला, आणि कॉलेजला इथं आले तेव्हा कुठंतरी हरवला. खरं सांगायचं तर मी तो शोधला नाही.

मग ती वेळ, जी मला सगळ्यात जास्त आठवते. मला ग्रंथालयात नोकरी लागली होती, भाड्याच्या घरामागं हातभर जागा होती, तू राहायला आली होतीस. मी कढीपत्त्याचं रोप आणलं आणि म्हटलं, "माय, तू लाव." तू दोन्ही हात पदराखाली घेतलेस. "नगं. तूच लाव. माझ्या हाताचं जगत न्हाय." हसत म्हणालीस, जसं आपण आपल्या उंचीबद्दल किंवा रंगाबद्दल बोलतो, तसं. तेव्हा मी सव्वीस वर्षांची होते, शिकलेली. हातगुण वगैरे काही नसतं यावर तुला व्याख्यानही दिलं. व्याख्यान दिलं, माय. खरं सांगितलं नाही. रोप मी लावलं, ते जगलं, आणि तू शेजारणीला कौतुकानं सांगितलंस की पोरीचा हात चांगला आहे. दुसऱ्या वर्षी तू दवाखान्यात होतीस तेव्हा मी रोज ठरवून यायचे. आणि रोज, तुला बरं वाटू दे, मग सांगू, असं म्हणून परत जायचे.

परवा स्टँडवर भेटले ते तेच मुकादम. आता काठी घेऊन चालतात, डोळे दाखवायला आले होते. मी ओळखलं, त्यांना गावाचं नाव सांगितल्यावर आठवलं. "व्हय व्हय, ती पट्टीवाली बाई! तुमची आई व्हय ती? भाकरी येती का म्हणली मला." एवढं हसले की खोकला लागला. मुलाचं जळकोटला हायवेवर चहाचं हॉटेल आहे, दिवसभर तिथंच बसून असतात म्हणाले. तू गेल्याचं सांगितलं तर त्यांनी दोन्ही हात काठीवर टेकवले. मग म्हणाले, "लई जिद्दीची बाई. पर हातगुण न्हवता बिचारीला."

त्यांची बस लागली होती. तुला ओळखणारा, तुझा तो दिवस पाहिलेला, मला भेटेल असा बहुधा हा शेवटचा माणूस, आणि त्याच्या मनात तू अशी आहेस. मी तेरा वर्षांची नव्हते, शाळेची वेळ होत नव्हती, कुणी रागावणार नव्हतं. त्यांनी माझ्याकडं पाहिलं आणि मी म्हटलं, "व्हय."

माझ्याच तोंडानं म्हटलं, माय. हे पत्र कुठं टाकायचं नाही, वहीतच राहील. तुला आता कुणी वाचूनही दाखवू शकणार नाही, म्हणूनच कदाचित इतकं सरळ लिहिता आलं.

उद्या: रजा टाकून पहिल्या एसटीनं जळकोट. मुकादमांना सांगायचं की चाकू मी बिघडवला होता.