घोडा दिसत नाही तेव्हा

सर, काल मी एका कामाला हो म्हणून बसले. आमची काउबॉयची टीव्ही मालिका बंद झाली. कॉफी निवायच्या आत मीटिंग संपली. आता एका पॉडकास्टवाल्यांना तशीच गोष्ट हवी आहे, पण नुसत्या आवाजात. नवरा म्हणाला, "अगं, मग तर सोपं! सीन लिहायलाच नकोत." घरातल्या सगळ्यांचा हेल्थ इन्शुरन्स माझ्या कामावर आहे, हे त्यालाही माहीत आहे.

तुमचं उलटं झालं होतं. कॉलेजातल्या तुमच्या संध्याकाळच्या पटकथेच्या वर्गानंतर तुम्ही मला घरी नेलंत, आणि स्वयंपाकघरात टोस्टला लोणी लावता लावता ते सांगितलंत. रेडिओसाठी वर्षानुवर्षं वेस्टर्न, म्हणजे अशाच काउबॉयच्या गोष्टी, लिहिल्यावर एका दुपारी फोन आला, मालिका बंद. टीव्हीवाल्यांनी बोलावलं, पण पहिलीच स्क्रिप्ट परत केली. तुमची माणसं फार बोलतात, म्हणाले.

"मग?" मी विचारते.

"मग गाडीत जाऊन बसलो. अंधार पडेपर्यंत किल्ली लावलीच नाही." तुम्ही हसत नाही. "बायको म्हणाली, संवाद खोड, काय उरतं ते बघ."

ते शिकून तुम्ही टीव्हीवर टिकलात, वेस्टर्नचीच फॅशन जाईपर्यंत. मग शिकवायला लागलात. माझ्या पहिल्या स्क्रिप्टमध्ये शेरीफ म्हणत होता, "मला भीती वाटतेय." तुम्ही पान माझ्याकडे सरकवलंत. "भ्यालेला माणूस असं बोलतो? पुन्हा लिही." माझे डोळे भरून आले, तेव्हा टोस्टची बशीही सरकवलीत.

आज सकाळी लिहायला बसले. वाळवंट, धूळ, लांबवर एक स्वार. शाळेतून आल्यावर लेकीने पान वाचलं आणि तिच्या इंग्रजीत विचारलं, "पण आई, घोडा आहे हे मला कळणार कसं?" नुसत्या आवाजातून घोडा कसा दाखवायचा, ते तुम्हाला माहीत होतं. मी कधी विचारलंच नाही. रेडिओ मला म्हाताऱ्यांचा वाटायचा.

पान फाडलं. संध्याकाळपर्यंत एकच ओळ झाली. बरी आहे की नाही, कळत नाही. उद्या पॉडकास्टवाल्यांना सुरुवात पाठवायची आहे.

हे सगळं मराठीत लिहितेय, तुम्ही आज असतात तरी तुम्हाला त्यातलं अक्षरही वाचता आलं नसतं. मदत करा, असं तुमच्या इंग्रजीत लिहायचा धीर मला अजूनही होत नाही.