गज धरलेला हात

बाबा, मी व्हायोलिन शिकते आहे. या वयात. आपल्या मुलुंडच्या घराच्या मागच्या गल्लीत एका इमारतीत क्लास आहे, शिकवणारी मुलगी माझ्या लेकीच्या वयाची आहे आणि मला काकू म्हणते. बरीच वर्षं मनात होतं. लेक नोकरीसाठी बंगळुरूला गेली, संध्याकाळी घर फार शांत वाटायला लागलं, आणि एक दिवस मी त्या इमारतीचा जिना चढले. सुरुवातीला नुसता सा. तारांवरून गज एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत सरळ ओढायचा, बस. माझा गज मध्यावर आला की थरथरायचा आणि सूर कापरा निघायचा. "सगळ्यांचं होतं काकू, जाईल," ती म्हणायची. माझ्याबरोबर सुरू केलेल्यांचं गेलं. माझं गेलं नाही. एकदा गज ओढताना मी मनगटाकडे बघितलं. ते तुमचं मनगट होतं. तसंच हाडकुळं, तशीच वर आलेली शीर.

तुम्ही भांडुपच्या कारखान्यात ड्राफ्ट्समन होतात. सुट्टीत मी डबा घेऊन यायचे तेव्हा तुम्ही मान वर न करता हातानेच थांब म्हणायचात. शाईची रेघ चाललेली असायची. ती संपेपर्यंत तुम्ही श्वास घ्यायचा नाहीत, आणि तुमच्या बाजूला उभी राहून मीसुद्धा. पुढे तुम्ही निवृत्त झालात आणि एका सकाळी तुमच्या मांडीवरचं वर्तमानपत्र वाजायला लागलं. आई म्हणाली, पंखा बंद करा. पंखा बंदच होता. डॉक्टरांनी कंपवात सांगितला, आणि मग आम्ही तुमच्या हातातून एकेक गोष्ट काढून घेतली. चहाचा कप, दाढीचं ब्लेड, कुलपाची किल्ली. कोणी ठरवून केलं नाही. काळजीनेच केलं.

क्लासच्या वार्षिक कार्यक्रमात वाजवायची गोष्ट निघाली तेव्हा मी आधी नाही म्हणाले. "का पण? तुमचा भूप चांगला बसलाय," शिकवणारी म्हणाली. हात हलतो हे तिला माहीत होतं. तो कुणासारखा हलतो हे सांगायची माझी हिंमत नव्हती. म्हणून हो म्हणाले. त्यानंतर मी घरात चोरासारखी वावरायला लागले. कप दोन्ही हातांनी धरायचा. ऑफिसात सही करताना समोरच्याची नजर कुठे आहे ते आधी बघायचं. नवऱ्याने विचारलं, "काय गं, हल्ली फार गप्प असतेस?" मी म्हटलं, कार्यक्रमाचं टेन्शन. ते खोटंही नव्हतं. शेवटी तारा बदलून आणते असं सांगून मी अंधेरीला मेंदूच्या डॉक्टरांकडे गेले. बाहेर बाकावर माझ्या शेजारी एक गृहस्थ बसले होते. त्यांचा हात गुडघ्यावर सारखा हलत होता, अंगठा आणि बोट एकमेकांवर घासत, वाती वळल्यासारखा. मी उठून खिडकीपाशी जाऊन उभी राहिले.

डॉक्टरीणबाईंनी तुमच्या आजाराचं ऐकून घेतलं, मला चालायला लावलं, कागदावर गोल गोल चकली काढायला सांगितली, बोटं अंगठ्यावर आपटायला लावली. मग हात मांडीवर ठेवून शंभरापासून उलटे आकडे म्हणायला सांगितले आणि त्या माझ्या हातांकडे बघत बसल्या. माझे आकडे चुकत होते. मग त्यांनी विचारलं, "वडिलांचा हात कधी हलायचा? रिकामा असताना, की काही धरलं की?"

मी म्हणणार होते, कायमच. तोंड उघडलंसुद्धा. आणि मला आपलं स्वयंपाकघर दिसलं. तुम्ही ओट्याशी उभे आहात, काकडी चिरताय, आणि मी धावत येऊन सुरीला हात घालते. "बाबा, द्या इकडे, लागेल." तुम्ही सुरी सोडत नाही. आवाजही चढवत नाही. "माझ्या हातातलं काढून घेऊ नकोस. रिकामा बसलो की हा हलतो. काम दिलं की गप्प असतो." आई गॅसपाशी उभी होती, तिने मला डोळ्यांनी खुणावलं, मी बाजूला झाले. तुम्ही उरलेली काकडी बारीक, एकसारखी चिरलीत. मला तेव्हा तो तुमचा हट्ट वाटला होता. तुम्ही तर सरळ जे होतं तेच सांगत होतात.

मी हे डॉक्टरीणबाईंना सांगितलं. त्यांनी मान हलवली. "आणि तुमचा?"

"गज धरला की."

"एरवी?"

"एरवी नाही."

त्यांनी माझ्या हातात पेन दिलं, गज धरता तसं धरा म्हणाल्या, आणि दुसऱ्या टोकाने ओढलं. पेन निघेना. "इतकं आवळून धरलं तर माझाही हात थरथरेल," त्या म्हणाल्या. "वडिलांच्या आजाराची एकही खूण मला आज तुमच्यात दिसत नाही. पुढचं कोणीच लिहून देऊ शकत नाही." मी बाहेर आले. कोपऱ्यावर उसाचा रस घेतला, ग्लास काठोकाठ भरलेला, एका हातात धरला आणि सांडू दिला नाही.

कार्यक्रम शाळेच्या हॉलमध्ये झाला. बहुतेक शाळकरी मुलंच वाजवणारी, आणि मधे मी, साडी सावरत. पहिलाच सा कापरा निघाला. दुसराही. समोर कोणीतरी खोकलं. शेजारी बसलेली माझी शिकवणारी तोंड न हलवता म्हणाली, "काकू, सोडा." मी बोटं सैल केली. गज पडतो की काय असं वाटलं, पडला नाही, आणि पुढची ओळ सबंध निघाली. अंतऱ्यात धैवत जरा उतरून बेसूर लागला. टाळ्या मुलांना वाजवतात तशाच मला वाजल्या. रिक्षात मी नवऱ्याला अंधेरीचं खरं सांगितलं. त्याने माझा हात हातात घेतला. मग म्हणाला, "तरी म्हटलं, तारा बदलायला मुलुंडहून अंधेरीला कोण जातं." आणि माझा हात त्याने घरापर्यंत सोडला नाही.

हे पत्र टाकायला पत्ता नाही, आणि असता तरी टाकलं नसतं. कारण एक गोष्ट तुमच्या तोंडावर मला कधीच सांगता आली नसती. लोक मला हॉलमध्ये म्हणत होते, आज बाबा असायला हवे होते ना. मी हो म्हणत होते. पण वाजवायला बसले तेव्हा मी पहिल्या रांगेकडे बघितलं, माझा हात हलताना बघायला तुम्ही तिथे नव्हतात, आणि मला हायसं वाटलं.