धरणाखालचं अळू

१० जून १९८४, रविवार
आजपासून रोज लिहायचं. इथे अमेरिकेत, ॲन आर्बरपासून वीस मिनिटांवर घर, मागे स्वतःचं तळं आणि ते अडवणारं स्वतःचं मातीचं धरण! उंची बारा फूट. आमच्या घराण्यात आजवर कुणाच्या मालकीचं धरण नव्हतं. गर्व होतोय का? प्रामाणिकपणे, होतोय. उद्यापासून कमी करीन.

१७ जून
धरणाच्या पायथ्याशी एक जागा कायम ओली असते. बायकोने, मृणालिनीने, मे महिन्यातच तिथे अळू लावलंय. ओल कशाची, यावर तासभर विचार केला. निष्कर्ष : दव.

३० जून, सकाळी ७
या वीकएंडला धरणावरची झाडं तोडणे, बिळं बुजवणे, पाणी सोडायचा व्हॉल्व्ह फिरवून बघणे.

१ जुलै
झाडांची सावली छान पडते, ठेवली. बिळांत कुणीतरी राहतंय, बेघर कसं करायचं? व्हॉल्व्ह हलत नाही. म्हणजे घट्ट आहे. घट्ट असणं चांगलंच.

१५ जुलै
इथल्या मराठी मंडळाची मीटिंग. गेल्या वर्षी गणपती सुचित्राकाकूंच्या बाथटबमध्ये बुडवला होता. मी उभा राहून जाहीर केलं, यंदा विसर्जन आमच्या तळ्यात! टाळ्या. त्र्यंबकने विचारलं, ऐंशी माणसं धरणावर, तीही मोदक खाऊन, पेलेल का रे? सगळे हसले. मीही हसलो. घरी येऊन हसू थांबलं. धरणाच्या अगदी खाली मिसेस हार्परचं घर आणि सहा गाई आहेत. तिला सांगावं का? पण काय सांगू, दव पडतं म्हणून?

२ ऑगस्ट
अळूची पानं सुपाएवढी! पोरगी म्हणते, तीन आठवडे पाऊस नाही, डॅड, इट्स अ लीक. तिला शेतीतलं काय कळतं? (मला कळतं का? मी इलेक्ट्रिकलचा. पण इंजिनीयर तर आहे.)

२० ऑगस्ट
धरण तपासायला सरकारी इन्स्पेक्टर आला. नोव्हाक नावाचा, सज्जन माणूस. त्याने विचारायच्या आत मीच अभिमानाने अळू दाखवलं. त्याने काठी टोचली, ती अर्धी आत गेली. किती पीक येतं, विचारलं. आजवर अकरा वेळा फदफदं झालं, असं मी सांगितलं. त्याने ते लिहून घेतलं. सहा अळूवड्या खाल्ल्या, अप्रतिम म्हणाला आणि तळं ताबडतोब रिकामं करा असं सांगून गेला.

२१ ऑगस्ट
ताबडतोब म्हणजे विसर्जनानंतर, असा अर्थ लावता येतो. लावला.

२५ ऑगस्ट, दुपारी ३
कालपासून धो धो पाऊस. अळूतलं पाणी आज गढूळ. स्वच्छ असतं तर दव म्हटलं असतं. गढूळ म्हणजे धरणच थोडं थोडं निघून चाललंय. खाली माझी आई राहत असती तर मी ही रोजनिशी लिहीत बसलो असतो का?

त्याच दिवशी, संध्याकाळी ६
स्लिपरवर धावलो. मिसेस हार्परला सगळं सांगितलं, दवासकट. तिने हातात दोरी दिली. भर पावसात दोघांनी सहा गाई टेकडीवर चढवल्या. एकीने माझ्या पायावर पाय दिला. योग्यच केलं. तळं उपसायला फायर डिपार्टमेंटचे पंप सुरू आहेत.

२६ ऑगस्ट
धरण टिकलं. तळं गेलं. उरलाय चिखल, दोन टायर आणि एक खुर्ची.

९ सप्टेंबर, अनंत चतुर्दशी
मंडळाला फोन करायची हिंमत झाली नाही, म्हणून ऐंशीच्या ऐंशी माणसं ताशासकट आली आणि चिखलाकडे बघत उभी राहिली. मिसेस हार्परने खालून हाक मारली. गाईंची पाणी प्यायची मोठी लोखंडी टाकी तिने घासून, नवं पाणी भरून ठेवली होती. बाप्पा तिथे गेले. तिने विचारलं, हे लोक काय ओरडतात? मृणालिनीने सांगितलं, पुढच्या वर्षी लवकर या म्हणतात. ती म्हणाली, जरूर यावं, पण इथेच, वरच्या त्या माणसाकडे नको. त्र्यंबकने तिथल्या तिथे मतं घेतली. ठराव एकमताने मंजूर.

हात मीही वर केला होता.