शेळ्यांनी खुडलेली तूर

मुक्काम लातूर, शेतकरी मेळाव्याचा मंडप, मागच्या बाजूची खुर्ची (पुढच्या पाहुण्यांसाठी राखून आहेत, पाहुणे अजून यायचेत)

तीर्थस्वरूप व्यंकटमामांच्या पायांशी, आणि पाय मागं घेतले तर पायताणांशी, भाचा आनंदराज याचा वाकून नमस्कार. मी इकडं खुशाल आहे. तुमची तब्येत कशी आहे? थंडीत गुडघा धरतो का? (धरत असणार. पण ज्या दिवशी तुम्ही माझ्यामागं बांधापासून गोठ्यापर्यंत पळालात त्या दिवशी तो अजिबात धरला नव्हता. मी पळता पळता मागं वळून बघितलं होतं आणि मला बरंच वाटलं.) मामीला नमस्कार सांगा. तिच्या शेळ्या कशा आहेत तेही कळवा. त्यांच्याविषयी माझ्या मनात काही राग नाही, उलट आदर आहे, का ते पुढं येईल.

आता फोन सोडून पत्र कामून, असं तुम्हाला वाटेल. फोन केला की तुम्ही माझा आवाज ऐकून 'राँग नंबर' म्हणता आणि ठेवता. ते खोटं आहे हे दोघांनाही माहीत असतं, त्यामुळं बोलणं पुढं जात नाही. पण कागदावर काही लिहिलेलं असलं की तुम्ही ते संपल्याशिवाय हातातून सोडत नाही. भज्यांच्या पुडीचा कागदसुद्धा तुम्ही तेल पुसून वाचता आणि पुढचं पान नाही म्हणून हॉटेलवाल्यावर चिडता. म्हणून हे पत्र सुदर्शनच्या हाती देतो आहे. त्याची किल्लारीची जीप रोज इथं लातूरला येते, आणि मागच्या आठवड्यात त्यानंच मला तुमच्या रानाचा फोटो पाठवला. तूर काय माजली आहे मामा! तुम्ही मधोमध उभे आणि दिसते फक्त टोपी. फांदीला फांदी नाही, फांदीला घोसच. (मामीनं त्याच्याकडून मला हिरव्या शेंगाही पाठवल्या होत्या. हे वाक्य तुम्ही वाचू नका.)

आता या तुरीचा आणि माझा संबंध एकदा नीट मांडतो, कारण त्या दिवशी तुम्ही मला तो मांडू दिला नाही. पोळ्याच्या आधी तुम्ही मला तुरीच्या राखणीला बसवलं. मामीच्या शेळ्या बाभळीखाली होत्या, मी बांधावर होतो, सगळं जिथल्या तिथं होतं. तेवढ्यात शेजारच्या शरणप्पाच्या रानात फवारणीचा ड्रोन आला. मामा, तुम्ही शरणप्पाशी बांधावरून कोर्टात भांडता हे मला मान्य आहे, पण ड्रोनशी आपलं काही भांडण नाही. शेतीत नवीन काय आलं ते तरण्या पोरानं बघायचं नाही तर कोणी बघायचं? मी बघायला गेलो. त्याला पंख नाहीत, भिंगऱ्या आहेत, पोटाखाली टाकी, आणि चालवणारा पोरगा सावलीत उभं राहून नुसते अंगठे हलवतो. मी त्याला विचारलं, बाबा यावर बसता येतं का. तो म्हणाला, वजन किती? आम्ही वजनाच्या हिशोबात होतो आणि इकडं शेळ्या तुरीत शिरून एकूण एक शेंडा खाऊन बसल्या. तुम्ही आलात, शेळ्यांना हाकललंत आणि त्याच दमात मला हाकललंत. शेळ्यांना संध्याकाळी गोठ्यात परत घेतलं. मला अजून घेतलेलं नाही. मी तक्रार करत नाही, फक्त क्रम सांगतो आहे.

तिथून निघालो तो कपडे घेऊन नांदेडला. (मध्ये अहमदपूरला उतरलो होतो, तिथं एकाची म्हैस आडवी झाली होती आणि तिला उठवायला माणसं लागत होती. ती उठली. मग त्यांनी जेवायला थांबवून घेतलं. पण ते राहू द्या.) नांदेडात मला राघवेंद्रभाऊ भेटले. यांचा धंदा मोठा अजब आहे. हिवाळा लागला की नायगावपासून लातुरापर्यंत शेतकरी मेळावे, परिषदा, प्रदर्शनं यांचा नुसता सपाटा लागतो, कारण पावसाळ्यात मंडप गळतो आणि उन्हाळ्यात पाहुणा येत नाही. हे मेळावे राघवेंद्रभाऊ अख्खे उभे करून देतात: मंडप, खुर्च्या, माईक, समई, शाली, नारळ, मसालेभात आणि कमी पडलेच तर ऐकणारे. मी आधी खुर्च्या मांडायला होतो. पण खुर्ची मांडून झाली की मी तिच्यावर बसून भाषण ऐकायचो आणि उरलेल्या खुर्च्या तशाच राहायच्या. दुसऱ्या कोणी काढून टाकलं असतं. भाऊंनी मला बढती दिली.

बढती अशी. मेळाव्यात शेवटी प्रश्नोत्तरं असतात. तज्ज्ञ म्हणतात, विचारा शेतकरी बांधवांनो. आणि सगळा मंडप एकदम आपापल्या चपला बघायला लागतो. पहिला प्रश्न कोणी विचारत नाही. मसालेभाताचा वास येत असतो, आणि आपल्यामुळं जेवण लांबलं असं कोणाला ऐकून घ्यायचं नसतं. पण एकानं विचारलं की मग माईक हातातून सोडवून घ्यावा लागतो इतके प्रश्न येतात. तर तो पहिला प्रश्न विचारायचं काम माझ्याकडं आलं. खोटं सांगत नाही मामा, नांदेड आणि लातूर या दोन जिल्ह्यांत सध्या माझ्यासारखा पहिला प्रश्न कोणी विचारत नाही. घसा खाकरून, टोपी सरळ करून, 'मी किल्लारी भागातला एक साधा शेतकरी' अशी सुरुवात केली की मागच्या रांगेतली झोपलेली माणसंही जागी होतात. टोपी ठिबकवाल्यांची आहे, बनियन तणनाशकाचं, पिशवी बियाण्याची आणि छत्री एका ट्रॅक्टरवाल्याची. सगळं स्टॉलवर फुकट मिळालं. मला बघून एक म्हातारा म्हणाला, "पोरा, तुझ्यात आता फक्त पेरायचं बाकी राहिलंय." छत्री मी मामीसाठी ठेवली आहे.

तर विष्णुपुरीचा मेळावा. तिथं मालविका मॅडम आल्या होत्या. या तुरीच्या मोठ्या शास्त्रज्ञ आहेत, आवाज बारीक, पण मंडप गप्प. त्यांनी सांगितलं की तूर मांडीला लागायच्या आत शेंडे खुडले तर तिला बगलफुटी येते, म्हणजे बाजूनं फांद्या फुटतात, आणि शेंगा वाढतात. मी उठलो, घसा खाकरला आणि नेहमीसारखं विचारलं, मॅडम, शेंडा खुडल्यानं झाड रुसत नाही का? माझं काम तिथं संपायला पाहिजे होतं. पण या बाईंना उलट प्रश्न विचारायची सवय आहे. म्हणाल्या, तुम्ही खुडता का?

मी म्हणालो, "हाव. पण हातानं न्हाई."

"मग कशानं?"

"शेळ्यांकडून."

मामा, मंडप असा हसला की माईकवाल्यानं आवाज कमी केला. मागून एक जण ओरडला, "आरं, तूर ठेवलीस का नुसत्या लेंड्या?" पण मॅडम हसल्या नाहीत. म्हणाल्या, त्यांना बोलू द्या. आता मला कोणी बोलू द्या म्हटल्यावर मी किती बोलतो हे तुम्हाला माहीत आहे. मी सगळं सांगितलं. तूर केवढी होती? गुडघ्याच्या वर, मांडीच्या खाली. शेळ्या किती वेळ आत होत्या? ड्रोनची एक टाकी संपेपर्यंत. मग बाहेर कोणी काढल्या? मी म्हणालो, एका माणसानं, लई चपळ आहे, त्याला दोन वेळा हाकलायची गरज पडत नाही. मग मी सुदर्शननं पाठवलेला तो फोटो दाखवला आणि भाऊंनी तो मोठ्या पडद्यावर लावला. हसणारा मंडप खुर्च्यांवरून उठून बघायला लागला. फक्त तूर आणि तूर, आणि मधे तुमची टोपी.

मॅडम जे म्हणाल्या ते जसंच्या तसं लिहितो. म्हणाल्या, शेळ्या सोडा असा सल्ला मी कोणाला देणार नाही, शेळी शेंड्यावर थांबत नाही. इथं वेळेवर बाहेर काढल्या म्हणून झाड वाचलं, अजून थोडा वेळ राहिल्या असत्या तर नुसते बुडखे उरले असते. वर पाऊसही मागाहून बरोबर लागला असणार. यात पद्धत किती आणि नशीब किती, हे झाड बघितल्याशिवाय सांगता येत नाही. एवढं बोलून त्या जेवायला गेल्या. मी मात्र विचारात पडलो. (मसालेभात घेऊनच पडलो.) म्हणजे बघा मामा, मी नव्हतो म्हणून शेळ्या आत गेल्या, आणि तुम्ही होतात म्हणून बाहेर आल्या. दोघांपैकी एक जण जरी त्या दिवशी आपल्या जागेवर बसून राहिला असता, तर आज ही तूर दिसली नसती. मी जागेवर असतो तर नेहमीसारखीच तूर. तुम्ही गुडघा धरून बसला असता तर नुसत्या काड्या. एवढं जमून आलेलं काम कोणी भांडणात घालवतं का?

असो. तुमच्याकडं काही मागायला हे पत्र लिहिलेलं नाही, नुसती खुशाली कळवायची होती. मला इकडं काही कमी नाही. रोज वेगळ्या गावचं जेवण, रोज नवी टोपी. मोठ्या माणसांशी उठबस आहे. थंडी आहे, पण मंडपाचं कापड पांघरता येतं. आता पाहुणे आलेत, समई विझायला लागली आहे आणि भाऊ माझ्याकडं बघून हात करतायत, म्हणून थांबतो. मामीला, भावकीतल्या सगळ्यांना यथायोग्य, आणि शेळ्यांच्या पाठीवर माझ्याकडून एक एक थाप.

तुम्ही मानत नसला तरी तुमचाच भाचा,
आनंदराज

ता. क. एक किरकोळ गोष्ट लिहायची राहिली. मॅडमना झाड बघायचं होतं ना, तर त्या बघायला येणार आहेत. शिवारफेरी ठेवली आहे. सोबत मेळाव्यातले शेतकरी आहेत, एक बस भरेल. दिवस मी सुचवला आणि सगळ्यांना पटला. येळवस, म्हणजे येणारी अमावास्या.

दुसरा ता. क. येळवसच का, ते तुम्ही ओळखलं असणार. त्या दिवशी कडब्याची झोपडीवजा कोप बांधून, पूजा करून तुम्ही बांधावर उभे राहता आणि रस्त्यानं जाईल त्याला हाका मारता, या, हिरव्या दाण्यांची भज्जी खाऊन जा, आंबील पिऊन जा. मागच्या येळवशीला तुम्ही कोर्टातल्या तारखेवरून आलात आणि ज्याच्याशी भांडून आलात त्याच शरणप्पाला हाताला धरून पंगतीला बसवलंत. म्हणालात, "आज रानात आलेला माणूस उपाशी जायचा न्हाई. भांडण उद्या करू." हे मी माझ्या कानानं ऐकलं आहे. तेव्हा बसमधून माणसं उतरतील. सगळ्यात शेवटी जो उतरेल, त्याच्याकडं नीट बघू नका, आधी आंबील द्या. हाकलायचंच असलं तर दुसऱ्या दिवशी हाकला. फक्त गुडघा सांभाळा.

तिसरा ता. क. आणखी एक छोटी अडचण आहे. विष्णुपुरीला बोलण्याच्या भरात मी 'माझं रान, माझी तूर' असं म्हणून गेलो. मामाचं आणि माझं वेगळं कुठं आहे, असं मला वाटलं. मग पडद्यावरचा फोटो बघून भाऊंनी विचारलं, हा टोपीवाला कोण? मी म्हणालो, आमचा गडी. तर बस येईल तेव्हा थोडा वेळ, म्हणजे भज्जी वाढेपर्यंत, तुम्ही गडी व्हाल का? विळा मी देईन, बनियन तणनाशकाचं नवंच आहे.

चौथा ता. क. तुम्ही हे वाचून पायताण शोधत असाल. शोधण्याआधी एवढं वाचा. सुदर्शन सांगतो की तुम्ही किल्लारीत चहाच्या हॉटेलात चारचौघांत म्हणालात, "औंदा शेंडे मी सोता खुडले." मी हे कोणाला बोललो नाही आणि बोलणार नाही. तुमची इज्जत ती माझी इज्जत. पण मॅडमना उलट प्रश्न विचारायची सवय आहे, त्या तुम्हाला विचारतील कशानं खुडले. तेव्हा आपण दोघांनी एकच सांगितलेलं बरं.

पाचवा ता. क. गडी व्हायचं नसलं तर राहू द्या. मी होतो. बसमधून उतरताना मीच मॅडमना सांगेन की रान मामाचं, तूर मामाची, शेळ्या मामीच्या, आणि मी इथला राखणदार, मध्ये थोडे दिवस सुट्टीवर होतो. तुम्ही नुसतं 'हाव' म्हणा. मोठ्यानं म्हणायची गरज नाही.

सहावा आणि खरोखर शेवटचा. त्या दिवशी दुपारी बसमधल्या लोकांसाठी शरणप्पाच्या रानात ड्रोन उडवून दाखवणार आहेत, माणूस बसायचा मोठा म्हणे. मी बघायला जाणार नाही. शब्द देतो. (मामीला सांगून शेळ्या मात्र बांधून ठेवा.)