चुकलेली नळी

३ फेब्रुवारी
ती. ताईस,
सा. न. वि. वि.

फोनवर आपलं बोलणं तिसऱ्या वाक्याला भांडणावर येतं, म्हणून पत्र. आई कशी आहे?

मी इथे मेटाकुटीला आलेय. तू या लॅबमध्ये संशोधनाचा जो विषय अर्धवट सोडून गेलीस, तोच सरांनी माझ्या गळ्यात मारलाय, हे तुला ठाऊक आहेच. तेच ते डायनॉर्फिन! आपलं शरीर स्वतःच बनवतं ते अफूसारखं औषध. थोडं असलं तर दुखणं शमवतं, जास्त झालं की मज्जारज्जूच्या पेशीच मारतं. पेशीवरच्या ज्या रिसेप्टरवर, त्या कुलपांवर, अफू किल्लीसारखी बसते तेच मी औषधाने बंद केले. पेशी वाचायला हव्या होत्या, पण सहाच्या सहा वेळा मेल्या. सर म्हणतात माझा हात कच्चा आहे, आणि तुझी ताई असती तर एव्हाना झालं असतं. दहा वर्षं झाली तुला जाऊन, तरी कौतुक तुझंच! अंगाचा नुसता तिळपापड होतो.

२८ तारखेला सर ठरवणार, मला ठेवायचं की हे काम दुसऱ्या कुणाला द्यायचं. तुझ्या जुन्या वहीत या पेशी कधी जगल्याची नोंद आहे का गं? बघून कळव.

तुझी,
ठमी

७ फेब्रुवारी
चि. ठमीस,
अनेक आशीर्वाद.

आई बरी आहे. उजवा हात अजून उचलत नाही, पण माझ्यावर ओरडायला तो लागत नाही.

सरांना माझी आठवण येते हे वाचून गंमत वाटली. दहा वर्षांत त्यांनी एक ओळ लिहिलेली नाही. वही माळ्यावर कुठेतरी असेल, पण तिच्यात तसलं काही नाही, उगाच आशेवर राहू नकोस. तुझा हात धांदरट आहे हे मात्र सर खरं बोलले. लहानपणी तू दूध ओतलंस की निम्मं ओट्यावर असायचं. नाहीच जमलं तर इकडे ये. आमच्या रक्त तपासायच्या लॅबमध्ये एक जागा रिकामी आहे. तिथे कुणाचं नाव छापून येत नाही, पण पगार वेळेवर होतो.

तब्येतीला जप.
ताई

११ फेब्रुवारी
ती. ताईस,
सा. न. वि. वि.

तुझ्या वहीत नाही म्हणजे कुठेच नाही. तू कामात कधी चुकत नाहीस, मला माहीत आहे. मी हात टेकले. त्या जागेचा फॉर्म पाठव. इथला राजीनामा लिहून ठेवलाय. आईला एवढ्यात सांगू नकोस, ती रडेल.

तुझी,
ठमी

१५ फेब्रुवारी
चि. ठमीस,
अनेक आशीर्वाद.

फॉर्म पाठवत नाही, वही पाठवतेय. मी खोटं बोलले. पान त्रेचाळीस बघ.

फ्रीजरमधल्या डब्यात दोन निळ्या झाकणांच्या नळ्या शेजारी शेजारी असत. एकीत अफूचे रिसेप्टर बंद करणारं औषध, दुसरीत ग्लुटामेटचे, म्हणजे मज्जातंतूंना चेतवणाऱ्या रसायनाचे. मी घाईत दुसरी उचलली. सकाळी बघते तर सगळ्या पेशी ठणठणीत! मग नळी लक्षात आली आणि सरांच्या भीतीने मी लिहिलं, ‘नळी चुकली, वाया’. पुढच्याच आठवड्यात आई अर्धांगवायूने पडली आणि मी घरी आले. ते वाया नव्हतं, हे सहा वर्षांपूर्वी भांडी घासताना डोक्यात आलं. डायनॉर्फिन मारतं ते ग्लुटामेटच्या रिसेप्टरमधून, अफूच्या नव्हे. पण सांगणार कुणाला?

तुझं पत्र आलं तेव्हा मला आनंद झाला, ठमे. तू अडलीस याचा आनंद. मी आईचं अंथरूण बदलायचं आणि तू माझ्या टेबलावर बसून नाव मिळवायचं, हे मला सहन होत नव्हतं. पण ‘तू कधी चुकत नाहीस’ असं लिहिलंस आणि माझीच मला लाज वाटली. राजीनामा फाडून टाक.

ताई

२६ फेब्रुवारी
ती. ताईस,
सा. न. वि. वि.

ग्लुटामेटचे रिसेप्टर बंद केले आणि पेशी जगल्या. तीनदा केलं, तिन्ही वेळा जगल्या. परवा सरांनी सगळ्यांदेखत विचारलं की ही कल्पना कुणाची. माझी, असं माझ्या तोंडून गेलं.

सर म्हणाले, तू ताईच्याही वरताण निघालीस. पाच वर्षं हेच ऐकायला मी जीव टाकत होते. ऐकून फार बरं वाटलं, तुझ्यापासून कशाला लपवू? माझी इथली जागाही पक्की झाली. पण कल्पना तुझी होती.

आता सरांना खरं सांगायला निघालेय. जागा राहील की जाईल, ठाऊक नाही. काल दोनदा त्यांच्या दारापर्यंत जाऊन परत आले. म्हणून आज आधी हे पत्र पेटीत टाकणार आहे आणि मगच आत जाणार, म्हणजे मागे फिरता येणार नाही.

लोभ उरला असेल तर तेवढा राहू दे.

तुझी,
ठमी