आप्पांच्या मुक्या वराती

दौंड, मंगळवार संध्याकाळ

शिरूरच्या व्हिडिओवाल्यानं आज फोनवर पक्कं सांगितलं. केंदूरच्या बँडमधले आप्पा वाजवायचे त्या क्लॅरिनेटचा आवाज त्याच्याकडच्या एकाही लग्नाच्या कॅसेटवर नाही. आप्पा गाल फुगवून वाजवताना दिसतात, ऐकू मात्र सिनेमाची गाणी येतात. "साहेब, ओरिजिनल आवाज आम्ही काढूनच टाकायचो. गिऱ्हाइकाला गाणीच लागत्यात."

वरात अडली की आप्पा चाल सोडून मनानं वाजवत सुटायचे. दोनदा तेच वाजलेलं मी कधी ऐकलं नाही. माझ्या जॅझच्या रेकॉर्डींतले वादक तरी दुसरं काय करतात? त्यांचा फसलेला सूरसुद्धा मला पाठ आहे. आणि आप्पांचं काय उरलं? फुगलेले गाल, वर सिनेमाचं गाणं.

आप्पांना फोन केला. पुढचे दात काढल्यापासून वाजवणं बंद आहे. हसले. "आवो, नवरदेवबी ऐकत नव्हता, तुम्ही कवा ऐकलं?" मग म्हणाले, "फुंक हाय आजून. दातांची पकड न्हाई."

शुक्रवारी कवळी बसणार आहे. रेकॉर्डर घेऊन जाईन. लगेच सूर लागणार नाही, असं दाताच्या डॉक्टरांनी त्यांना सांगितलंय. लागेल तो घेईन.